गजराबाईची शेकोटी आणि मंत्र्यांचा नमस्कार

एका जंगलात, बालमित्रांनो, थंडी फार पडायची. इतकी की पाणवठ्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि माकडंसुद्धा तोंड मिटून बसायची. बाकी त्या जंगलात सगळं आपल्यासारखंच होतं. म्हणजे राज्य सिंह करायचा आणि कारभार कोण करतं ते कोणालाच ठाऊक नसायचं.

त्या जंगलात गजराबाई नावाची एक रानकोंबडी राहायची. तिच्या घरट्यात पाच अंडी होती. नवरा जवळ नव्हता. त्याची बदली पलीकडच्या डोंगरावर झाली होती, कारण तिथली पहाट वेळेवर होत नाही अशी तक्रार वर गेली होती. तेव्हा अंडी उबवायची ती गजराबाईनं एकटीनं. दाणापाण्याला उठलं तर अंडी गार पडू नयेत, म्हणून तिनं घरात तीन दगडांची शेकोटी मांडली होती. धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे, पण ऊब असायची.

मग एक दिवस सरकारला तिची दया आली. मुलांनो, सरकारला आपली दया आली की आपण जरा सावध व्हावं.

'घर तिथे गॅसची शेकोटी' अशी योजना निघाली. पहिली लाभार्थी गजराबाई ठरली. तिची गरज मोठी होती म्हणून नव्हे, तिचं घर रस्त्याला लागून होतं म्हणून. मंत्र्यांची गाडी थेट दारापर्यंत जायची.

मुंगूस अभियंत्यानं येऊन भिंतीत शेकोटी बसवली. पुढे काच, आत मातीची खोटी लाकडं, खाली गॅसची नळी आणि बाजूला एक बटण. बटण दाबलं की टक्‌ टक्‌ ठिणगी पडायची आणि एक छोटी ज्योत लागायची. ती टिकली की तिच्यावरून मोठा जाळ घ्यायचा. जाताना मुंगसानं तीन दगडांची जुनी शेकोटी मोडून नेली, कारण योजनेच्या घरात धूर चालत नाही.

"मंग ही नवी पेटवू का?" गजराबाईनं विचारलं.

"हात लावू नका!" कोल्हा अधिकारी ओरडला. "उद्घाटन व्हायचंय."

उद्घाटन शेकोटीमंत्री दंताजीराव रानडुक्कर यांच्या हस्ते व्हायचं होतं. दंताजीराव आज येतो म्हणाले, मग उद्या म्हणाले, मग चिखलात एक महत्त्वाची बैठक निघाली. तोवर गजराबाई अंड्यांवरून उठलीच नाही. दाणा टिपायलासुद्धा नाही. समोर नवी कोरी शेकोटी चकाकत होती आणि तिच्यासमोर ही बाई कुडकुडत होती.

अखेर मंत्री आले. हार आले, फेटे आले, फोटो काढायला कासव आलं. ते आदल्या दिवशीच निघालं होतं.

"बाई, उठा," कोल्हा म्हणाला. "लाभार्थीनं शेकोटीशेजारी उभं राहायचं असतं. चेहऱ्यावर समाधान पाहिजे."

"सायेब, अंडी गार पडतील."

"अहो, एका मिनिटाचं काम. शेकोटी पेटली की अंडीच काय, तुम्हीसुद्धा उकडून निघाल."

गजराबाईनं छातीची चार पिसं उपटून अंड्यांवर पसरली. दाराच्या बाजूचं एक अंडं जरा उघडंच राहिलं. त्यावर तिनं वाळकं पान ओढलं आणि ती समाधानानं उभी राहिली.

दंताजीरावांनी पुढचा पाय उचलून बटणावर ठेवला. टक्‌. टक्‌. ज्योत लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी बटणावरचा पाय काढला, दुसऱ्या पायाला जोडला आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

ज्योत विझली.

आता त्या शेकोटीची रीत सांगतो, मुलांनो, नीट ऐका. ज्योतीला लागून एक बारीक कांडी होती. ती तापेपर्यंत बटण दाबून धरावं लागायचं. कांडी तापली की शेकोटीला खात्री पटायची की आत खरंच विस्तव आहे, आणि मग ती आपण होऊन गॅस सोडत राहायची. कांडी गार असताना बटण सोडलं, की ती गॅस बंद करायची. उगाच घरभर गॅस पसरून सगळे उडायला नकोत म्हणून. थोडक्यात, त्या घरात विचार करून वागणारी ती शेकोटी तेवढी होती.

मुंगसाला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण मंत्र्यांना 'पाय काढू नका' असं सांगायचं, तर त्याची नोकरीची बरीच वर्षं अजून शिल्लक होती. त्यानं घसा खाकरला.

"सेल उतरला असेल, साहेब."

नवा सेल घातला. मंत्र्यांनी पाय ठेवला. टक्‌, ज्योत, टाळ्या, नमस्कार. ज्योत विझली.

"ठिणगीच्या टोकाला काजळी धरली असेल."

नव्या कोऱ्या शेकोटीची काजळी मुंगसानं फडक्यानं पुसली. पुन्हा टक्‌, पुन्हा टाळ्या. दंताजीरावांचा नमस्कार याही वेळी तितकाच मनापासून होता, आणि ज्योतही तितक्याच मनापासून विझली.

गजराबाईनं चोच घरट्यात घालून पाहिलं. अंडी कोमट लागली, आणि दाराकडचं तर कोमटही नाही. ती वळून घरट्यात शिरणार, तेवढ्यात कोल्ह्यानं तिची शेपटी धरली.

"बाई, तुम्ही बसलात तर लाभ कोणाला द्यायचा?"

"सायेब, पाय उचलला की इझतंय ते," ती कळवळून म्हणाली. "जरा दाबून धरा की. आमी अंड्यांवर न्हाई का बसून ऱ्हात? निम्म्यात उठून चालतंय व्हय?"

दंताजीरावांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"म्हणजे आमच्या पायात खोट आहे म्हणा की!"

"तसं नाही, साहेब," कोल्हा घाईघाईनं म्हणाला. "बाई अडाणी आहेत. हा तांत्रिक विषय आहे."

"नळीत हवा अडकली असणार," मुंगूस खालमानेनं म्हणाला.

"हवा? ती विरोधकांचीच असणार," मंत्री गरजले.

मग विरोधकांची हवा काढण्यात बराच वेळ गेला. पुन्हा ज्योत लागली, पुन्हा टाळ्या पडल्या. एव्हाना टाळ्या वाजवणाऱ्यांचे पंजे दुखायला लागले होते. गजराबाईला मात्र त्या टाळ्यांचा संताप आला होता. टाळी पडली नसती, तर नमस्कार झाला नसता. नमस्कार झाला नसता, तर ती केव्हाच घरट्यात असती.

ती हळूच कासवाजवळ सरकली.

"कासवभाऊ, फोटू कसं आलेत?"

"छान आलेत," कासव म्हणालं. "सगळ्यांत साहेब नमस्कार करतायत."

"आन्‌ पाठीमागं शेकोटी?"

कासवानं निरखून पाहिलं. मग आणखी निरखून पाहिलं. "विझलेली आहे."

"मंग ते जरा सायबांना दाखवा."

दंताजीरावांनी फोटो पाहिले आणि त्यांचे सुळेच फिकट पडले. प्रत्येक फोटोत पुढे ते हसत होते आणि मागे अंधार होता.

"अहो, यात मी शेकोटी विझवायला आल्यासारखा दिसतोय! सिंहमहाराज काय म्हणतील? मला पेटलेल्या शेकोटीबरोबर फोटो पाहिजे. पाय बटणावर, जाळ मागे, आणि मी मधे."

"तर मग फोटो होईपर्यंत पाय हलवायचा नाही, साहेब," कासव म्हणालं.

हीच गोष्ट गजराबाई बोलली तेव्हा तो अपमान होता. आता ती सूचना झाली. दंताजीरावांनी मान डोलावली.

"घाई करू नगा, भाऊ," गजराबाई कासवाच्या कानात म्हणाली.

"बाई, मला घाई येतच नाही."

मंत्र्यांनी पाय ठेवला. टक्‌. ज्योत लागली. टाळ्या पडल्या. दंताजीरावांचा दुसरा पाय सवयीनं वर आला.

"हलू नका, साहेब!"

पाय खाली गेला.

"मान जरा डावीकडे. इतकी नको. फेटा सरळ करा. पायानं नको, साहेब, कोल्हेसाहेब करतील. आता हसा. सुळे दिसू देत. थांबा, नाकावर माशी बसलीय. उडू दे तिला. आता पुन्हा हसा."

मंत्र्यांचा पाय थरथरायला लागला, पण बटणावरून हलला नाही. जनतेसाठी त्यांनी इतका त्रास कधी काढला नव्हता. तिकडे आत बारीक कांडी हळूहळू तापली.

"झालं," कासव म्हणालं.

दंताजीरावांनी पाय काढला. ज्योत तशीच राहिली. मुंगसानं तिच्यावरून मोठा जाळ घेतला आणि घरभर ऊब पसरली. मंत्री भाषणाला उभे राहिले. पहिल्यापासून आपलं हेच म्हणणं होतं, असं ते म्हणाले. गजराबाईनं ते ऐकलं नाही. ती केव्हाच घरट्यात जाऊन बसली होती आणि दाराकडचं अंडं पोटाखाली ओढून घेत होती.

पुढे पिल्लं बाहेर आली. योजनेचा फायदा किती जणांना झाला हे पाहायला कोल्हा अधिकारी आला. पिल्लं शेकोटीसमोर चिवचिवत होती.

"एक, दोन, तीन, चार," त्यानं मोजलं. "पाच अंडी होती ना, बाई? पाचवं कुठंय?"

गजराबाई घरट्याकडे बघत राहिली. तिथे ते अंडं अजून होतं. ते टाकून द्यायचं तिच्यानं झालं नव्हतं.

"ते गारठलं, सायेब. त्या दिशीच."

कोल्ह्यानं समजुतीनं मान हलवली.

"म्हणजे उद्घाटनाला गैरहजर," तो म्हणाला. "मग लाभ कसा मिळणार?"

त्यानं सोबत आणलेला फोटो शेकोटीवर टांगला. त्यात दंताजीराव होते, हसू होतं, मागे जाळ होता. एका कोपऱ्यात गजराबाई अर्धी आली होती. तिची मान घरट्याकडे वळलेली होती, त्यामुळे चेहऱ्यावर समाधान होतं की नाही ते कळत नव्हतं.

तात्पर्य: मोठ्या माणसांचा हात कामावर टिकावा असं वाटत असेल, तर त्यांना काम समजावत बसू नये, फोटो काढायला कासव बोलवावं. आणि अंडी घालायचीच असतील, तर ती उद्घाटन उरकल्यावर घालावीत.