कापगते डॉक्टरांची एकच बाटली

आमगावचे कापगते डॉक्टर भिंतीकडे तोंड करून चहा पितात. मास्क खाली, दोन घोट, मास्क वर, मग वळून बोलणं. दातांचा डॉक्टर स्वतःचेच दात लपवतो म्हणून गावात त्यांची थट्टा व्हायची. सगळ्यांत जास्त मी केली.

मग मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात मला खलनायकाचं काम मिळालं आणि ऐन प्रयोगाच्या दिवशी चारचौघांत ऐट मिरवायला मी शिंगाडा दातानं फोडला. शिंगाडा शाबूत, पुढचा दात अर्धा. ‘सत्यानाश करीन’ म्हटलं की नुसती शिट्टी वाजे. तुकडा मी घरीच चपलेच्या गोंदानं चिकटवला. तिरपा. सोबत ओठही चिकटला. तसाच दवाखान्यात पळालो.

“काऊन भाऊ, चपलेचा गोंद दाताले?” ओठ सोडवत डॉक्टर म्हणाले. “उद्या चपलेले मंजन लावसान!”

“डॉक्टर, नाटक आजच आहे हो.”

त्यांनी फ्रिजमधून, दह्याच्या वाटीशेजारून, दात चिकटवायच्या औषधाची करंगळीएवढी बाटली काढली आणि नवी सून दाखवावी तशी मला दाखवली. “पहिले दोन-तीन बाटल्या लागत. एक लावा, धुवा, सुकवा, मग दुसरी. दात जास्त सुकला तं पकड गेली, जास्त ओला राहिला तरी गेली. हे एकटी सारं करते. थोडं ओलं चालते, कोरडं चालते. दात असो, धातू असो, दातावरची चिनी मातीची टोपी असो, कोणावर रुसत नाही.”

तुकडा खरवडून साफ झाला. बाटलीतला थेंब रगडला, हवा मारली, वर थोडं दातांचं सिमेंट, त्यावर तुकडा, मग ते घट्ट करणारा निळा लाईट. आरशात पाहिलं तर सांधा मलाच सापडेना.

प्रयोगाला डॉक्टर पहिल्या रांगेत. नाटक कमी, माझा दातच जास्त पाहून राहिले होते. मी खलनायकाचं हसू सोडलं तशी शिट्टीऐवजी टाळ्या पडल्या, आणि डॉक्टर इतके खदखदा हसले की मास्क हनुवटीखाली घसरला. त्यांचा पुढचा दात अर्धाच होता.

रंग पुसता पुसता मी विचारलं, “तुमचा काऊन तसाच?”

“ते आमच्या डॉक्टरीणबाईचं, माह्या बायकोचं काम होतं,” ते म्हणाले. “तिचे दात मी पाहो, माहे ती. ती गेली, मंग तिनं बसवलेला तुकडाबी पडला. आता बाटली चांगली आली, पण माह्या तोंडात हात घालाले कोन हाय?”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गोंदियाला एका तरुण डॉक्टरिणीकडे नेलं. आपली बाटली त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. खुर्चीत आ वासूनही शिकवणं चालूच. “रगड, बेटा, अजून रगड.”

“सर, मुँह खुला, बात बंद!” तिनं दटावलं.

निळा लाईट लागला तसा त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

कापगते डॉक्टरांनी बसवलेल्या दातानं मी आज भुट्टे खातो. शिंगाडे मात्र सुरीनं. त्या दिवशी ‘हो गया’ म्हणून त्या तरुण डॉक्टरिणीनं आरसा दिला. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. हसून पाहिलं, पुन्हा हसून पाहिलं. एका हातात आरसा होता. दुसऱ्यात अजून माझा हात होता, आणि मीही तो सोडवायची घाई केली नाही.