यंत्रांची भावकी

आमच्या शेजारचे नाना कुठल्याही यंत्राची आधी भावकी विचारतात. सूनबाईनं नवा लॅपटॉप आणला, तर पेढा तोंडात टाकायच्या आधी प्रश्न, "चिप कुणाच्यातली?" जसं काही स्थळच बघायला आलेत!

नाना फौजेत सिग्नलमध्ये होते. सांगलीत परतल्यावर ऊस भावाच्या गळ्यात घातला आणि आपण संगणकात वाजणारी वाद्यं बनवायला बसले. हलगी, सनई, काय वाट्टेल ते. प्लगइन म्हणतात म्हणे त्याला. तर अशी वाद्यं कशी बांधायची, याचा एक सामाईक नियम देशोदेशीची माणसं मिळून ठरवतात, आणि त्या पंचांत आमचे नाना!

यंदा पंचांपुढं प्रश्न होता, नवा नियम कुठल्या कुठल्या यंत्रांवर चालायला हवा? नानांच्या लेखी हे लग्नाचं आवतण. "मोबाईल धाकटी पाती, पर आता कमावती. तिला टाळून चालंल व्हय?" बाकी सगळ्यांचं जमलं. अडलं ते जुन्या बत्तीस बिटवाल्या संगणकापाशी. पंच म्हणाले, तो आता कोण वापरतो, वगळा. नाना पेटले.

त्यांनी ग्रामपंचायतीची निवडणूक असल्यागत प्रचार काढला. एकेका पंचाला पोस्टानं गूळ पाठवला. फिनलंडच्या बाईंचं उत्तर आलं, "साबण सुंदर आहे, पण फेस येत नाही."

"वैनी, हे मत गेलं," नाना म्हणाले.

मी म्हटलं, "आवं नाना, कोण वापरतंय ते जुनं धूड?"

"जतला आमचा इराप्पा हाय, त्याच्यावरच गाणी बांधतो. आमी एकाच तुकडीत हुतो."

"मग द्या की त्याला नवा घेऊन!"

"दिलाय." नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्याची नजर गेली, तवर जुना संगणक हाताला पाठ झालता. नव्यावर बसला नि म्हणला, गड्या, ह्या घरात मला दारच घावंना. तसाच कापडात गुंडाळून ठिवलाय."

मतदान झालं. जुन्याच्या बाजूनं एकच मत पडलं, नानांचं.

मग बरेच दिवस नाना दिसेनात. थालीपीठ घेऊन गेले, तर स्वारी कानाला हेडफोन लावून बसलेली. नवा धनगरी ढोल जुन्या संगणकावर वाजेल असा परत पहिल्यापासून बांधत होते. नियमाबाहेर, एकट्या इराप्पासाठी. पुरा झाला तसा जतला धाडला.

परवा त्यांच्या ओट्यावर मी शेंगा फोडत बसले होते, तेवढ्यात फोन आला. नानांनी स्पीकर लावला. आधी ढोल घुमला, मग इराप्पा.

"लय ब्येस हाय रं गड्या! पर माज्या एकट्यापायी राबला न्हाईस न्हवं? तसलं नगं हां मला. पंचांनीच ठरवलं न्हवं जुनं बी चालू ठिवायचं?"

नानांनी माझ्याकडं बघितलं, आणि स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"व्हय तर," ते म्हणाले. "सगळ्यांनी हात वर केलता."