वासुदेव धोंडीबा, मुक्काम पोस्ट माहीत नाही

रस्त्यात म्हातारा दिसला की वासुदेव धोंडीबा त्याच्या पाया पडायचा. ओळख असो वा नसो. कापडबाजारात, एस.टी. स्टँडवर, सलूनच्या बाकावर, कुठेही. एकदा तर सायकलवरून चाललेल्या एका आजोबांना त्याने हात करून खाली उतरवलं आणि मग पाया पडला. असं का करतोस विचारलं की म्हणायचा, "न जाणो, आपलेच आजोबा निघाले तर?"

हे ध्यान मॉरिशसहून आलं होतं. नगरला, आमच्या कॉलेजात, सरकारी शिष्यवृत्तीवर बी.ए. करायला. नगरची माणसं शिकायला परदेशी जातात हे आम्ही ऐकून होतो. परदेशातून कोणी शिकायला नगरला येतं, यावर विश्वास बसायला आमची एक टर्म गेली. रेक्टरांनी त्याला माझ्या खोलीत टाकलं, कारण माझं इंग्रजी बरं आहे असा त्यांचा गैरसमज होता. सुदैवाने इंग्रजीची वेळच आली नाही. वासुदेव मराठी बोलायचा, फक्त ती पोथीतली. त्याचे पणजोबा शंभरावर वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यात राबायला बोटीने तिकडे गेले, तेव्हापासून घरच्यांनी मराठी ठेवणीतल्या शालूसारखी जपलेली. मेसच्या मावशींना तो "मला क्षुधा लागली आहे" असं म्हणाला, तेव्हा त्या घाबरून म्हणाल्या, "अरे, मग डॉक्टरकडं जा ना." चहावाल्याशी तो 'आपण' म्हणून बोलायचा. चहावाला त्यामुळे इतका बिघडला की आम्हाला उधार देईनासा झाला.

त्याच्या आडनावाची गोष्ट वेगळीच. बोटीवर चढताना कारकुनाने नाव विचारलं. पणजोबांनी 'धोंडीबा' सांगितलं आणि कारकुनाने तेवढंच लिहून घेतलं. आडनाव किनाऱ्यावरच राहिलं, गावही राहिलं. तेव्हापासून सगळं घराणं धोंडीबा. आता आमच्या जिल्ह्यात माणसाला पाणी विचारण्याआधी दोन गोष्टी विचारतात, आडनाव काय आणि गाव कोणतं. या पठ्ठ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. "धोंडीबा हे आडनाव? अरे, ते बापाचं नाव झालं, आडनाव सांग," असं सगळे म्हणायचे. पहिल्यांदा तो हसायचा. दुसऱ्यांदा विचारलं की बुटांकडे बघायचा.

बी.ए. हे निमित्त होतं. तो गाव शोधायला आला होता. दोन वर्षांत शिक्षण संपणार, त्याच्या आत गाव सापडायला हवं, कारण परत येण्याची ऐपत घरात कोणाचीच नव्हती. त्यासाठी त्याने एक निळी वही केली होती. म्हाताऱ्याच्या पाया पडून झालं की वही निघायची आणि प्रश्न सुरू व्हायचे. आपल्या घराण्यातून कोणी बोटीने गेले काय? कोणत्या साली? गाव नदीकाठी आहे काय? काठावर देऊळ आहे काय? देवळापुढे चिंच आहे काय? नदी, देऊळ आणि चिंच या खुणा त्याच्या आजीने सांगितलेल्या. या खुणांवर अर्धा महाराष्ट्र त्याच्या मालकीचा ठरत होता, हे मी त्याला अनेकदा सांगितलं. इतिहासाच्या सरांनी तर सावेडीतल्या आपल्या नव्या बंगल्यात बसवून त्याला समजावलं, की तिकडे गेलेले बहुतेक लोक कोकणातले, नगरात शोधून काही उपयोग नाही.

"न जाणो, एखादा नगरहून गेला असेल," वासुदेव नम्रपणे म्हणाला आणि सरांच्या वडिलांच्या पाया पडला.

साल मात्र त्याला चोख लागायचं. साल जुळलं नाही की तो ओळीवर फुली मारायचा. उगाच कोणाचं नातं चिकटवून घेणार नाही, असा त्याचा बाणा होता. वहीत फुल्या इतक्या झाल्या होत्या की लांबून ते भरतकाम वाटायचं.

बहात्तरच्या जानेवारीत आम्ही होस्टेलची सहा-सात पोरं हुरड्याला कोल्हारला निघालो. आमच्या वर्गातला बाळू वाबळे तिथला. गाव प्रवरेच्या काठी आहे, एवढं त्याच्या तोंडून निघालं मात्र, वासुदेव आदल्या दिवसापासून तयारीला लागला. इस्त्रीचा शर्ट, टाय, नवी पेन्सिल. शेतात टाय कशाला, विचारलं तर म्हणाला, "प्रथम भेट आहे."

एस.टी.त त्याने राहुरीपर्यंत चार म्हाताऱ्यांचे पाय धरले. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. चौथा म्हातारा वैतागून म्हणाला, "पाय सोड बाबा. मत कोनाला टाकायचं तेवढं सांग आन् मोकळा व्हय." वासुदेवने त्यालाही साल विचारलं.

कोल्हारला उतरलो. नदी होती, काठावर देऊळ होतं. चिंच कुठे दिसेना. तर वासुदेव म्हणाला, चिंच पडली असेल. मी कपाळाला हात लावला.

बाळूच्या शेतात आगटी पेटवलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची आणि पाखडून समोरच्याच्या पुढ्यात टाकायची. हे काम बाळूच्या चुलत आजोबांकडे होतं. त्यांना सगळे तात्या म्हणत. पंच्याहत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण तळहात असे की निखाऱ्यानेच माघार घ्यावी. वासुदेव रीतीप्रमाणे पाया पडला. तात्यांनी चाहुलीच्या दिशेने मान वळवली.

"कोन पावनं?"

"मॉरिशसचा हाय, तात्या," बाळू म्हणाला. "समुद्रापल्याड. त्याचा पणजा बोटीत बसून गेल्ता."

"नाव काय म्हनला?"

"वासुदेव धोंडीबा," वासुदेव म्हणाला आणि वही उघडली.

तात्यांचे हात थांबले. हातातलं कणीस तसंच राहिलं.

"आमचा धोंडीबा बी बोटीतच गेल्ता," ते म्हणाले. "माजा धाकला भाऊ. पैल्या लढाईत, तिकडं बसऱ्याला. मागारी आलाच न्हाई. कागद न्हाई, पत्तर न्हाई." मग म्हणाले, "माज्यासंगं भांडून भरती झाल्ता. त्याचा बैल म्या इकला हुता, त्याला न इचारता."

आता वासुदेव साल विचारणार, हे मला ठाऊक होतं. पहिल्या लढाईचं साल आणि त्याच्या पणजोबांचं साल यांत निदान दोन पिढ्यांचं अंतर होतं. आणखी एक फुली. बाळूही समजवायला लागला, "तात्या, ह्याचं लई जुनं हाय, आपला धोंडीबा..." वासुदेवने बाळूच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

तात्या पुढे सरकले. "बोलायचा का रं त्यो? माज्याबद्दल?"

वासुदेवने पेन्सिल खिशात ठेवली. साल विचारलं नाही.

"बोलत असत," तो म्हणाला. "पुष्कळ वेळा."

"काय बोलायचा?"

"म्हणत, दादाने बैल विकला ते योग्यच केले. मीच व्यर्थ रागावून निघून आलो."

निखाऱ्यातली कणसं करपत होती, ती परतायचं कोणालाच सुचलं नाही.

"लंगडत हुता बैल," तात्या म्हणाले. "त्याला कळलं नव्हतं. ल्हान हुता." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "सुखात हुता का?"

"सुखात होते. घर बांधले. मुलेबाळे झाली."

"तरीच," तात्या म्हणाले. मग त्यांनी हातातलं कणीस चोळलं, फुंकर मारून फोलपट उडवलं आणि चाचपत वासुदेवचा हात शोधून सगळा हुरडा त्याच्या ओंजळीत घातला. "खा. वाबळ्याचा हायेस तू. पावना न्हाईस." टाय लावलेला तो प्राणी मान खाली घालून हुरडा खात राहिला. गूळ पुढे केला तर त्याने तो घेतला नाही.

परतीच्या एस.टी.त मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मला गप्प राहवत नव्हतं. "लेका, साल तरी बघायचंस. तुझा धोंडीबा गेला तेव्हा तात्यांचा बापसुद्धा जन्मला नसेल."

"मला गणित येते," वासुदेव म्हणाला.

"मग खोटं का बोललास?"

त्याने टायची गाठ सैल केली. मग त्याच्या त्या पोथीतल्या मराठीत म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या मागेही कोणी भाऊ राहिला असेल. त्यानेही आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारले असेल. आमच्यापैकी कोणी जाऊन त्याला काही सांगितले नाही."

खिडकीबाहेर राहुरीचे उसाचे मळे होते. ऊस मी जन्मापासून पाहत आलो होतो, तरी त्या दिवशी फार लक्ष देऊन पाहिला. इतके दिवस मी या माणसाची नक्कल करून मेसमध्ये हशा मिळवत होतो, याची मला लाज वाटली.

त्यानंतर त्याने रस्त्यातल्या म्हाताऱ्यांना सोडून दिलं. त्याऐवजी दर महिन्याला एक रविवार तो कोल्हारला जायचा. येताना कधी शेंगा आणायचा, कधी बाळूच्या घरच्यांचा निरोप. त्या पावसाळ्यात पाऊस पडलाच नाही. पुढच्या वर्षी गावाला हुरडा कसला, वैरणही नव्हती. तरी तो जायचा. तिथे जाऊन करतोस काय, विचारलं तर म्हणाला, "ते बैलाची गोष्ट सांगतात. मी ऐकतो." दर खेपेला तीच गोष्ट. बाळू म्हणायचा, आमच्या घरात आता ती कोणी ऐकून घेत नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमची शेवटची परीक्षा तोंडावर असताना तात्या गेले. बाळूबरोबर वासुदेवही कोल्हारला गेला, तो पेपरच्या आदल्या संध्याकाळी परत आला. दहाव्याला सगळ्या भाऊबंदांनी केस दिले होते. बाळूने परीक्षेची सबब सांगून आपले वाचवले होते. वासुदेवचं डोकं गुळगुळीत होतं, वस्तऱ्याने दोन ठिकाणी कापलेलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझर ओळखपत्रावरच्या फोटोकडे आणि त्याच्या डोक्याकडे आळीपाळीने बघायला लागले. वयस्कर, कडक गृहस्थ होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"आजोबा."

"गाव कोणतं तुमचं?"

मी मागच्या बाकावर होतो. कान टवकारून पुढे वाकलो.

"कोल्हार," वासुदेव म्हणाला. आवाज अगदी सरळ होता. "आम्ही तिथले वाबळे."

सुपरवायझरांनी मान डोलावली, ओळखपत्र परत दिलं आणि उत्तरपत्रिका त्याच्या पुढ्यात ठेवली.