अद्वाच्या दिवसाची कॉफी

आमच्या शेजारची अल्माझ इटलीवर अजून रागावलेली आहे. माझ्या नातवानं एकदा तिच्यापुढे पिझ्झा धरला, तर तिनं हात मागे घेतला. "इटलीवाला नहीं खाती." नातू म्हणाला, "आंटी, इट्स फ्रॉम अल नहदा." म्हणजे आमच्या शेजारच्याच वस्तीतला. तरी नाही.

ही इथिओपियाची. इथं आखातात, अल कुसैसच्या आमच्या इमारतीत चार बायकांबरोबर एका खोलीत राहते, लोकांच्या घरी स्वयंपाक करते. तिच्या पणजोबांच्या वेळी इटलीचं सैन्य त्यांच्या देशावर चालून आलं आणि अद्वाच्या डोंगरात मार खाऊन परत गेलं. मार्चच्या सुरुवातीला त्या दिवसाची तिकडे मोठी सुट्टी असते. पणजोबा त्या लढाईत होते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खेचरं सांभाळत होते. गणपतीत त्यांच्या हातात भाला आला. दिवाळीपर्यंत त्यांनी एकट्यानं तोफ ओढून आणली. मी म्हटलं, "अगं, मग राजा काय करत होता?"

"राजा भी था, मम्मा. थोडा."

त्या दिवशी ती कामाला खाडा करून कॉफी करते. हिरव्या बिया भाजायच्या, धूर सगळ्यांना हुंगवायचा, कुटायच्या, मातीच्या सुरईत उकळायच्या आणि ती कॉफी तीनदा प्यायची. गेल्या वर्षी तिच्या धुरानं आगीची घंटा वाजली आणि अख्खी इमारत रस्त्यावर आली. मी गाऊनवर. तिथंच आमची ओळख झाली. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, तिला म्हणाला, "फिर हुआ तो रूम खलास."

म्हणून यंदा ती शेगडी घेऊन माझ्या दारात. "मम्मा, तुम्हारा बाल्कनी."

"सून ओरडेल."

"मॅडम ऑफिस में है."

चौकशी करूनच आली होती.

घंटा वाजली नाही. पण तिच्या खोलीतल्या बायकाही आल्या नाहीत. त्यांच्या सणाला इथं सुट्टी कोण देतो? मी एकटीच पाहुणी. पहिला कप कडू जहर होता, मी तसं सांगितलं. दुसरा संपवून उठले, गुडघे दुखत होते. तिनं पदर धरला.

"बैठो मम्मा. तीसरा."

"एवढं काय आहे त्या तिसऱ्यात?"

तिसरा कप झाला की बसलेल्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं आशीर्वाद द्यायचा असतो. त्याशिवाय ती कॉफी पुरी होत नाही. "इधर सब जवान," ती म्हणाली. "काम खलास, वीजा खलास, घर भेज देता. कितना साल हो गया, मेरेको एक बुड्ढा नहीं मिला."

मी परत बसले आणि तिसरा कप प्यायले. ती माझ्यापुढे मान खाली घालून बसली. मला असलं काही येत नाही. लेकीला सासरी पाठवताना बोलले होते, तेवढंच येतं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, दोन वेळ पोटभर मिळो. आजारी पडू नकोस. तुझी माणसं तुला लवकर भेटोत. तिला मराठीचं अक्षर कळत नाही. प्रत्येक वाक्याला ती "आमेन" म्हणत होती.

माझं संपलं. ती मान वर करेना.

मग सुचेल ते बोलत राहिले.