शहाण्णव सावल्या

माणसाची जागा यंत्रं घेणार, हा गंभीर इशारा जगाला द्यायचा असेल तर तो हातानेच रंगवावा लागतो. तोक्योच्या नेरिमा भागातल्या त्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत एकशे दहा माणसं अडीच वर्षं मान मोडून हेच करत होती. चित्रपटातलं तोक्यो यंत्रांनी गिळलेलं. स्टुडिओत यंत्र एकच, कॅमेरा, आणि तोही थोपटल्याशिवाय चालत नसे.

सावल्यांचं खातं सेगावा तोमिएबाईंकडे होतं. अर्धयंत्र नायिका निऑनच्या पाट्यांखालून पूल ओलांडते, त्या चार सेकंदांची तिची सावली त्यांनी पारदर्शक कागदांवर रंगवली. सेकंदाला चोवीस, म्हणजे एकूण शहाण्णव. (या काळात बाईंच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख नाही.)

चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरामन मोरिवाकींनी उदोन शेवयांचा वाडगा नेमका, कोणते कागद कधी टिपायचे त्या तक्त्यातल्या सावलीच्या रकान्यावर ठेवला. चित्रपट झळकला तेव्हा नायिका सावलीविनाच पूल ओलांडून गेली. तोमिएबाई तरातरा दिग्दर्शक कुरामोचींना सांगायला निघाल्या, पण तोवर समीक्षा छापून आली होती: जिला आत्मा नाही तिला सावली कुठून? कुरामोचींनी ती तीनदा वाचली, आणि आपल्याला हेच म्हणायचं होतं हे त्यांच्या लक्षात आलं.

मग प्रभाव सुरू झाला. पस्तीस वर्षांत त्या नसलेल्या सावलीवर चौदा प्रबंध, एक परिसंवाद (जेवणासह) आणि नऊ देशांत सावली गाळलेले एकतीस चित्रपट. एका इटालियन दिग्दर्शकाने तर सावल्या पुसायला वेगळं खातंच उघडलं. त्यात तोमिएबाईंच्या खात्यापेक्षा जास्त माणसं होती.

निवृत्त तोमिएबाईंची इच्छा एवढीच होती, की डोळे मिटण्याआधी ती सावली एकदा पडद्यावर पडलेली बघावी. चित्रपटाची नवी, स्वच्छ प्रत निघणार असं कळताच त्या शहाण्णव कागद कापडात बांधून स्टुडिओत गेल्या. कुरामोचींनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः चहा ओतून दिला.

"बाई, आता ती सावली घातली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने आशय बिघडवला."

"आशय वाडग्याखाली होता, साहेब."

"होता ना. म्हणून तर खोल आहे."

बाईंची फेरी अगदीच वाया गेली असं नाही. तिच्यामुळे तपासणी झाली आणि एक भयंकर विसंगती उघडकीस आली: बाकीच्या सगळ्या दृश्यांत नायिकेला सावली होती. तपासणी समितीने ती एकमताने पुसून टाकली. बाईंचं नाव मात्र आदरपूर्वक कायम ठेवलं.

नव्या प्रतीच्या पहिल्या खेळाच्या शेवटी पडद्यावर आलं, 'सावल्या: सेगावा तोमिए.' प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाई मांडीवरचं गाठोडं घट्ट धरून बसून राहिल्या. त्यांना रडू आवरेना. शेजारचा तरुण वाकून हळूच म्हणाला, "उठा की, आजी. केवढी मोठी कलावंत! अख्ख्या चित्रपटात एक सावली काढली नाही."

कधीतरी तुम्हीही हा चित्रपट बघाल. सावली नाही हे तुमच्या लक्षात यायचं नाही. छापून येईपर्यंत बाईंखेरीज कुणाच्याच आलं नव्हतं. बाहेर पडताना मात्र सोबतच्या माणसाला तुम्ही न चुकता सांगाल, की खरी गंमत तिथेच आहे.