त्रेचाळीस मानपानांचा टॉवेल

वस्तू वापरली की झिजते, झिजली की फेकावी लागते आणि फेकली की निसर्गाला तिचा त्रास होतो. यावर जगभरच्या शास्त्रज्ञांचं एकमत आहे. उपाय मात्र त्यांना सापडत नाही, कारण त्यांच्यापैकी कुणीही अजून परभणी जिल्ह्यात लग्नाला आलेला नाही.

इथं पाहुण्याचा मान टॉवेल-टोपीने होतो. मांडवात नाव पुकारलं जातं, माणूस नको नको म्हणत उठतो, डोक्यावर टोपी चढते, खांद्यावर टॉवेल येतो. घरी गेल्यावर तोच टॉवेल त्याच घडीवर दुमडून त्याच प्लास्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर निघते. हा टॉवेल कुणी वापरत नाही. वापरावा असं कुणाच्या मनातही येत नाही. सुसंस्कृत समाज म्हणतात तो हाच.

परभणीच्या एका संस्थेने 'शून्य परिणाम गाव' असं प्रमाणपत्र जाहीर केलं, तेव्हा आमच्या गावाने घरगुती वस्तूंचा पर्यावरणावर आणि अर्थकारणावर होणारा परिणाम मोजायला समिती नेमली. अध्यक्ष दिनकरराव, निवृत्त मुख्याध्यापक. सदस्य-सचिव मी. अट एकच: शून्य परिणामाची निदान एक वस्तू दाखवायची. प्रमाणपत्र मिळालं की फाट्यावर पाटी लागेल, आणि पाटी लागली की कधीतरी तिच्याकडे जाणारा रस्ताही होईल, असा दिनकररावांचा अंदाज होता.

साबण, तेल, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, सगळं नापास झालं. पास झाला एक निळा टॉवेल. दिनकररावांना प्रत्येक वस्तूवर नाव घालायची सवय (घरच्या झाऱ्यावरसुद्धा आहे), म्हणून २०१४ साली त्यांनी त्याच्या कोपऱ्यात बॉलपेनने 'दि' लिहिलं होतं. पुढच्या अकरा वर्षांत तो आठ वेळा सन्मानाने त्यांच्याकडेच परत आला. मी घरोघर फिरून त्याचा प्रवास नोंदवला: लग्ने एकतीस, बारशी पाच, निवृत्तीचे सत्कार चार, दुखवटे तीन (टॉवेलाला सुखदुःख समान). एकूण त्रेचाळीस. यातल्या पाच ठिकाणी लोकांनी 'आमी असलं करत न्हाई' असं शपथेवर सांगितलं, म्हणून ती खात्रीशीर धरली.

म्हणजे बेचाळीस टॉवेल विणावे लागले नाहीत, रंगवावे लागले नाहीत, ट्रकमध्ये घालून आणावे लागले नाहीत. धुण्याचं पाणी: शून्य. साबण: शून्य. उपयोग: शून्य. इतका निर्मळ तक्ता मी आयुष्यात भरला नव्हता.

संस्थेच्या माधवीताई गुरुवारी टॉवेल बघायला येणार होत्या. त्या वेळी तो मजुरी करणाऱ्या बायनाबाईंकडे होता. मंगळवारी त्या लेकीला, शिवकन्येला, नऊ दिवसांच्या बाळासह परभणीच्या दवाखान्यातून घरी आणायला गेल्या. टॉवेल पिशवीत घेतला होता, जावयाला द्यायला. जावई आलाच नाही. परतताना पिंगळी गावाच्या अलीकडे मार्चमधल्या अवकाळी पावसाने ऑटोला दोन्ही बाजूंनी झोडपलं आणि बाळ चिंब भिजलं. तेव्हा बायनाबाईंनी अकरा वर्षांची पिशवी दाताने फोडली.

गुरुवारी माधवीताईंसमोरच चौकशी झाली.

"बायनाबाई," दिनकरराव म्हणाले, "तुमी टॉवेल वापरला?"

"वापरला. लेकरू भिजलं व्हतं, पुसायला काढला."

"टॉवेलनं पुसायला?"

"मंग काय टोपीनं पुसू, गुरुजी?"

माधवीताईंनी हळूच विचारलं, "मग पुसलं गेलं का?"

"कुठलं बाई! पाणी हिकडचं तिकडं झालं नुस्तं. वर समदा निळा रंग लेकराच्या अंगाला लागला. शिवकन्याला वाटलं, गारठ्यानं निळं पडलं. लय बोंबलली. ऑटो माघारी वळवला. मंग मी ह्या पदरानं पुसलं, तवा कुठं कोरडं झालं."

दवाखान्यात बाळ ठणठणीत निघालं, पण डॉक्टरांनी तसं सांगेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात शिवकन्येचं काय झालं असेल, यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. मला मनापासून लाज वाटली. (ही नोंद वैयक्तिक समजावी.)

समितीने मात्र भावनेच्या आहारी न जाता निष्कर्ष काढले. एक, अकरा वर्षांत टॉवेलाविरुद्ध एकही तक्रार नव्हती. ती पाण्याशी संबंध आल्यावर आली. सबब दोष पाण्याचा. दोन, बायनाबाईंचं लुगडं चौदा वर्षं रोज अंगावर आहे, रोज धुतलं जातं आणि त्याने घाम, भांडी, भाकरीचं टोपलं, डोळे व आता बाळ एवढं सगळं पुसलं आहे. सबब गावातली सर्वाधिक पर्यावरणीय परिणाम असलेली वस्तू तीच. त्यांना समज देण्यात आली.

"समज द्या, न्हाईतर काय बी द्या," बायनाबाई उठत म्हणाल्या, "फकस्त टावेल नगा देऊ."

माधवीताईंनी वही मिटली आणि त्या बाळ बघायला गेल्या. त्याच्या कानामागे अजून निळं होतं.

प्रमाणपत्राच्या अर्जाची मुदत महिनाभर वाढली आहे आणि समितीला तितकाच निष्कलंक दुसरा टॉवेल हवा आहे. तो आपल्या कपाटात आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. घाबरू नका, मागायला येणार नाही. येत्या लग्नात तो कुणाला द्यायचा, हे आपलं ठरलेलं असणारच. त्यांच्या घरी तान्हं लेकरू आहे का, एवढंच कळवा.