चतुराबाईंची मूक कारकीर्द

वऱ्हाडच्या कलेच्या इतिहासात चतुराबाईंची मूकपटातली कारकीर्द सुवर्णाक्षरांनी लिहावी लागेल. अक्षरं फार लागणार नाहीत. कारकीर्द एकूण नऊ मिनिटांची होती.

चतुराबाई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या तरी समोरचा हसायचा, असा चेहरा. म्हणूनच त्यांच्या भाच्याने, पाणीपुरवठ्यातल्या नागसेनने, अमरावतीच्या विनोदी मूकपट स्पर्धेसाठी त्यांना नायिका केलं. या वेळी जिंकणं त्याला भागच होतं. पाच स्पर्धा हरल्यावर बायकोने, मायाने, निर्वाणीचं सांगितलं होतं, "याही टायमाले हारले तं कॅमेरा माह्या भावाले देऊन टाकीन. तो परतवाड्याले लग्नाची शूटिंग तरी करते."

अडचण एकच होती. मूकपटाची नायिका गप्प बसत नव्हती.

पहिल्याच दृश्यात शेजारचे मोतीराम चोर होऊन खिडकीतून आत उतरले. बाईंनी भीतीने थिजायचं होतं. त्या म्हणाल्या, "या भाऊ, बसा. जेवले काय?"

"कट! मावशी, चोर आहे तो!"

"मंग? आल्या मानसाले दारातून उपाशी धाडू?"

"खिडकीतून आला तो!"

"म्हून काय त्याले पोट नसते?"

अकराव्या वेळी मोतीराम खरोखरच जेवायला बसले. नागसेनने हात टेकले. "बोला मावशी, काय बोलायचं ते बोला. आवाज तं मी काढूनच टाकनार आहो." त्याने आवाज काढला, वर पेटीचे सूर घातले, मधेमधे पाट्या टाकल्या आणि अमरावती गाठली.

मूकपटाला साजेसे प्रेक्षक हवेत म्हणून आयोजकांनी कर्णबधिर शाळेची चाळीस मुलं खास बोलावली होती. पडद्यावर चोर उतरला, चतुराबाईंचे ओठ हलले, पाटी आली: 'वाचवा! वाचवा!' सभागृह ढिम्म. परीक्षकांनी जांभई दिली. मायाने भावाला कळवायला मोबाइल काढला.

तेवढ्यात मुलं खुर्च्यांवरून घरंगळायला लागली. एक पोट धरून वळवळत होता, दुसरी तिसरीला बोटांनी भराभर काहीतरी सांगत होती.

"काय झालं हो यांना?" परीक्षकांनी शिक्षिकेला, पौर्णिमाताईंना विचारलं.

"सर, ही मुलं ओठ वाचतात. पाटीवर 'वाचवा' आहे, पण बाई म्हणतायत..." त्या अडखळल्या.

"मोठ्यानं सांगा की!"

पौर्णिमाताई उभ्या राहिल्या आणि हजेरी घ्यावी तशा सुरात म्हणाल्या, "'मोतीरामभाऊ, हा नाग्या सकायपासून तेच ते करून राहिला. मले वाटते, याले सिनेमा येतच नाही. बिचाऱ्या मायानं काय पाहून केलं असन याले?'"

सभागृह कोसळलं. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला, पौर्णिमाताई नऊच्या नऊ मिनिटं बोलल्या. सगळ्यांत जास्त माया हसली. तिचा मोबाइल खुर्चीखाली पडला तो तिला सापडेना. पहिलं बक्षीस तर मिळालंच, शिवाय परीक्षकांनी तिथल्या तिथे एक नवं बक्षीस काढलं: मूकपटातले उत्कृष्ट संवाद.

"लेखक कोण?"

"संवाद मावशीचे," नागसेन खाली बघत म्हणाला. "विषय मी."

"कॅमेरा ठेवा," डोळे पुसत माया म्हणाली. "पन मावशीले गप्प कराल तं पाहा!"

मग चतुराबाईंना मंचावर नेलं. शाल पांघरली, हातात माईक दिला. अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. "दोन शब्द बोला," परीक्षक म्हणाले. टाळ्या थांबल्या. बाईंनी घसा खाकरला, सगळीकडे एकदा पाहिलं आणि मान भाच्याकडे वळवली.

"नाग्या, हे शालीचं लेबल काप ना बाप्पा. मानेले टोचून राहिलं."